‘कॅच’ कुणाकुणाबरोबर येतो: कोकणातल्या रोजच्या कामाच्या इंग्रजी जोड्या

‘बोट लागली’ हे दोन शब्द मालवणच्या धक्क्यावर तांडेलाच्या तोंडून आले, तर बोट काठाला टेकली असं समजायचं. तेच दोन शब्द किल्ल्याहून परतलेल्या पाहुणीनं तोंडाला रुमाल लावून म्हटले, तर तिला मळमळतंय आणि तिला आधी सावलीत बसवायला हवं. एसटी फलाटाला लागते, भूक लागते, निकाल लागतो, ठेच लागते, फणस बुंध्याला लागतात. ‘लागणे’चे हे अर्थ आपण कधी एक-दोन-तीन असे आकडे घालून पाठ केलेले नाहीत. शेजारी कोण बसलंय ते पाहिलं की अर्थ आपोआप कळतो.

इंग्रजीतला ‘कॅच’ याच जातीचा शब्द आहे. शाळेत त्याचा एकच अर्थ हाती पडतो, ‘पकडणे’, आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. मग होम-स्टे चालवताना, बोटीवर पर्यटक घेताना किंवा बारावीच्या पेपरात उतारा वाचताना अडायला होतं. म्हणून इथे ‘कॅच’ एकटा शिकायचा नाही, त्याच्या जोडीदारांसकट शिकायचा. ही पद्धत एका शब्दावर नीट बसली की पुढच्या शब्दांना फार वेळ लागत नाही.

आधी रूप पक्कं करा

स्पेलिंग सी-ए-टी-सी-एच. भूतकाळाचं रूप ‘कॅच्ड’ नाही, ‘कॉट’, आणि त्याचं स्पेलिंग सी-ए-यू-जी-एच-टी. त्यातले जी आणि एच उच्चारात येत नाहीत. ‘टॉट’ (शिकवलं) असाच लिहितात, ‘बॉट’मध्ये (विकत घेतलं) मात्र ‘ए’च्या जागी ‘ओ’ येतो. तिन्ही एका ओळीत लिहून ठेवली तर लक्षात राहतात. खाट या अर्थाचा ‘कॉट’ मराठीत तसाच लिहिला जातो, पण ब्रिटिश उच्चारात खाटेतला ‘ऑ’ आखूड असतो आणि भूतकाळातला लांब. तो, ती किंवा ते कर्ता असेल तर ‘कॅचेस’.

या शब्दाच्या जन्माची गोष्ट उपयोगाची आहे. तो नॉर्मन फ्रेंचांच्या बोलीतून इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा अर्थ शिकार करणे, पाठलाग करणे असा होता. ‘चेस’ हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ एकच. ‘चेस’कडे पाठलाग राहिला आणि ‘कॅच’कडे पाठलागाचा शेवट, म्हणजे पळणारी, उडणारी, निघून जाणारी गोष्ट नेमक्या क्षणी गाठणं. ‘कॅच’चे बहुतेक अर्थ या एका चित्रातून उलगडतात: काहीतरी हलतंय, वेळ थोडा आहे, आणि ते हाती आलं.

हे चित्र धक्क्यावर लगेच कामाला येतं. बोटीवरून दोर फेकताना समोरच्याला सांगायचं ‘कॅच द रोप!’ दोर त्याच्या हातात आला की पुढचं वाक्य ‘होल्ड इट टाइट!’ मराठीत दोन्हींना ‘पकड’ चालतं, इंग्रजीत नाही. ‘कॅच’ एका क्षणाचं काम आहे, ‘होल्ड’ धरून ठेवण्याचं. म्हणूनच पर्यटकाला बोटीत चढवताना ‘कॅच माय हँड’ म्हटलं तर तो दचकतो, कारण ते पडणाऱ्या किंवा पाण्यात असलेल्या माणसाला ओरडून सांगायचं वाक्य आहे. चढवताना म्हणायचं ‘होल्ड माय हँड’ किंवा ‘टेक माय हँड’.

वही कशी आखायची

एका शब्दाला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. इंग्रजीच्या बाजूला सुटा शब्द किंवा सुटी जोडी लिहायची नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. ‘कॅच फायर’ एवढंच लिहून ठेवलं तर महिन्याभरानं पेट कोण घेतं, कर्ता कोण, मध्ये ‘अ’ येतो की नाही, काहीच आठवत नाही. ‘द हे कॉट फायर’ असं वाक्य असेल तर तिन्ही गोष्टी त्यात आपसूक आहेत.

मराठीच्या बाजूला ‘पकडणे’ हा शब्द टाळा. त्या प्रसंगी आपण घरी जे क्रियापद वापरतो तेच लिहा: मिळणे, सापडणे, होणे, पेट घेणे, दिसणे, ऐकू येणे, गाठणे. जोड्यांचे गट पाडायचे तेही याच मराठी क्रियापदांवरून. शब्दकोशातले अर्थांचे क्रमांक इंग्रजांच्या सोयीचे असतात. आपल्या डोक्यात वाक्य मराठीतून सुरू होतं, तेव्हा दार मराठीच्या बाजूनं उघडायला हवं.

प्रत्येक वाक्याखाली दोन खुणा करा. पहिली, जोडीत ‘अ’ किंवा ‘द’ आहे का आणि मागून कोणतं शब्दयोगी अव्यय येतं. दुसरी, या अर्थाचा उलटा शब्द. बस मिळण्याच्या ‘कॅच’चा उलटा शब्द ‘मिस’, मासे धरण्याच्या ‘कॅच’चा ‘लेट गो’, क्रिकेटच्या ‘कॅच’चा ‘ड्रॉप’. उलटे शब्द वेगळे निघाले म्हणजे अर्थ खरंच वेगळे आहेत, ही पारख सहसा चुकत नाही.

म्हावरं

किनाऱ्यावर सुरुवात इथूनच करावी. पहिली गोष्ट, ‘फिशिंग’ म्हणजे मेहनत आणि ‘कॅच’ म्हणजे हाती आलेलं फळ. पहाटे होडी गेली आणि जाळं रिकामं आलं, तर ‘दे वेंट फिशिंग बट कॉट नथिंग’. चार तास मासेमारी केली हे सांगायला ‘दे कॉट फिश फॉर फोर अवर्स’ बसत नाही, कारण ‘कॅच’ हे तासांनी मोजायचं काम नाही. ‘दे फिश्ड फॉर फोर अवर्स अँड कॉट टू बास्केट्स ऑफ मॅकरेल’ हे नीट. बांगडा ‘मॅकरेल’, पापलेट ‘पॉम्फ्रेट’, सुरमई ‘किंगफिश’ किंवा ‘सीअर फिश’, बोंबील ‘बॉम्बे डक’. खायचे किंवा धरलेले मासे कितीही असले तरी ‘फिश’च म्हणायचं. ‘फिशेस’ हे रूप माशांच्या वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना येतं.

रापण ओढताना पाहून पाहुणे विचारतात, काय चाललंय? तेव्हा ‘दे आर पुलिंग इन द नेट’ म्हणा. जाळं अजून पाण्यात आहे, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे ‘कॅच’ची वेळ आलेली नाही. जाळं वाळूवर आलं आणि मासे फडफडताना दिसले, की मग ‘दे कॉट अ लॉट टुडे’.

आता नाम. एका फेरीत किंवा एका दिवसात मिळालेलं सगळं म्हावरं मिळून एकच ‘कॅच’. हर्णैच्या लिलावात ढीगच्या ढीग दिसले तरी ‘टुडेज कॅच इज गुड’, एकवचनीच. त्याच्या आधी येणारी विशेषणं ठरलेली आहेत: ‘अ गुड कॅच’, ‘अ बिग कॅच’, ‘अ पुअर कॅच’, ‘द डेज कॅच’. कमी मिळालं तर ‘बॅड’पेक्षा ‘पुअर’ जास्त कानावर पडतं.

खाणावळीच्या पाटीवर ‘कॅच ऑफ द डे’ लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्या पाहुण्याला त्याचा अर्थ ‘आज धरलेला ताजा मासा’ असाच कळतो. आदल्या आठवड्याचा बर्फातला मासा देत असाल तर ही पाटी खोटी ठरते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि यांत्रिक बोटी बंदरात उभ्या असतात, त्या दिवसांत तर ही पाटी विशेष जपून लावावी. फक्त माशाचं नाव आणि भाव लिहिला तरी पुरतं. मासा गोठवलेला असेल तर ‘फ्रोझन’ हा शब्द लिहावा.

बस, गाडी, फेरीबोट

‘बस मिळेल का?’ या प्रश्नातलं ‘मिळणे’ म्हणजे ‘कॅच’. ‘विल वी कॅच द लास्ट फेरी?’ असं पाहुण्यानं विचारलं तर त्याला शेवटची फेरीबोट वेळेत गाठता येईल का ते हवंय. उत्तर वेळेचंच द्या: ‘इफ यू लीव्ह बाय फाइव्ह, यू विल कॅच इट.’ दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, कुठलीही खाडी ओलांडायची असो, हे एक वाक्य पाठ असलं की निम्मं काम होतं.

‘अ’ आणि ‘द’ यांत इथे खरा फरक आहे. ‘कॅच अ बस’ म्हणजे कुठलीही बस. ‘कॅच द सिक्स थर्टी बस’ म्हणजे ठरलेली साडेसहाची. नावाच्या गाडीला नेहमी ‘द’: ‘कॅच द तुतारी फ्रॉम कणकवली’, ‘कॅच द मांडवी’.

‘टेक’ आणि ‘कॅच’ यांत गल्लत होते. कशानं जायचं हे सांगायचं असेल तर ‘टेक द फेरी, इट्स शॉर्टर’. वेळेत पोहोचायचं असेल तर ‘कॅच द फेरी’. वेळापत्रकावर धावणाऱ्या किंवा समोरून निघून जाणाऱ्या वाहनालाच ‘कॅच’ लागतो, म्हणून स्वतःच्या गाडीला तो कधीच नाही. नाक्यावर उभ्या असलेल्या रिक्षाला ‘टेक अ रिक्षा’ किंवा ‘गेट अ रिक्षा’ म्हणा.

बस चुकली तर ‘आय मिस्ड द बस’. इथे ‘लॉस्ट’ वापरलं तर बसच हरवली असा अर्थ निघतो. बस सुटली, म्हणजे निघाली, तर ‘द बस हॅज लेफ्ट’. आणखी एक खड्डा ‘फेरी’चा. मराठीत फेरी म्हणजे खेप, इंग्रजीत ‘फेरी’ म्हणजे ती बोट. ‘दिवसाला आठ फेऱ्या’ याचं ‘एट फेरीज अ डे’ केलं तर धक्क्यावर आठ बोटी असल्याचा समज होऊ शकतो. ‘एट क्रॉसिंग्ज अ डे’ म्हणा.

निसटून जाणाऱ्या इतर गोष्टींनाही हाच ‘कॅच’. ‘वी कॉट द सनसेट’ म्हणजे सूर्य बुडायच्या आत किनाऱ्यावर पोहोचलो. जत्रेत ‘कॅच अ दशावतार शो’ म्हणजे गावात आहातच तर दशावतार पाहून घ्या. ‘आय कॉट हर जस्ट बिफोर शी लेफ्ट’ म्हणजे ती निघायच्या तोंडाशी भेटली.

आजारपण: इथे चूक महाग पडते

सर्दी होणे म्हणजे ‘कॅच अ कोल्ड’. नुसतं ‘कॅच कोल्ड’ही चालतं, पण मध्ये विशेषण आलं की ‘अ’ हवाच: ‘शी कॉट अ बॅड कोल्ड’. कुणाकडून लागली हे सांगायला ‘फ्रॉम’: ‘ही कॉट इट फ्रॉम हिज ब्रदर’. कर्ता माणूस, सर्दी नव्हे. मराठीत सर्दीनं धरलं असं आपण म्हणतो, तिथून ‘कोल्ड कॉट मी’ तयार होतं आणि ते चुकतं.

हा ‘कॅच’ एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या किंवा बाहेरून शरीरात शिरणाऱ्या रोगांचा आहे: सर्दी, फ्लू, गोवर, कसलाही संसर्ग. डोकेदुखी, मधुमेह, हृदयविकाराचा झटका यांच्याशी त्याची जोडी जमत नाही. डोकं दुखतंय तर ‘आय हॅव अ हेडेक’, झटका आला तर ‘ही हॅड अ हार्ट अटॅक’. ताप आला तर ‘ही हॅज अ फीव्हर’ हे सगळीकडे सुरक्षित. बोट लागली तर ‘शी इज सीसिक’, आणि नेहमीच लागत असेल तर ‘शी गेट्स सीसिक’.

‘ऊन लागणे’कडे विशेष लक्ष द्या. ब्रिटिश पाहुणा हसत ‘आय हॅव कॉट द सन’ म्हणाला, तर त्याची कातडी थोडी लाल झाली आहे, एवढंच. आपल्याकडे ऊन लागलं म्हणजे अंग तापलं, चक्कर आली, माणूस बरळायला लागला. त्याला इंग्रजीत ‘हीटस्ट्रोक’ किंवा ‘सनस्ट्रोक’ म्हणतात आणि ते दवाखान्याचं काम आहे. अशा माणसाबद्दल डॉक्टरांना किंवा त्याच्या सोबत्यांना ‘ही हॅज कॉट द सन’ सांगितलं तर धोका त्यांच्या ध्यानातच येणार नाही. ‘आय थिंक ही हॅज हीटस्ट्रोक’ म्हणा. हे वाक्य वहीत लाल शाईनं लिहून ठेवा.

पेट घेणे

‘पेट घेणे’ आणि ‘कॅच फायर’ ही दोन भाषांची जोडी इतकी बरोबर जुळते की ती चुकायला नको, तरी ‘कॅच अ फायर’ लिहिलं जातं. इथे ‘अ’ नाही, ‘द’ नाही. पेटणारी वस्तू कर्त्याच्या जागी: ‘द हे कॉट फायर’, गवताच्या गंजीनं पेट घेतला. कुणी मुद्दाम पेटवलं तर ‘समबडी सेट फायर टू द हे’. आग कुठून सुरू झाली ते माहीत नाही, नुसती लागली एवढंच सांगायचं तर ‘अ फायर ब्रोक आउट इन द शेड’.

पावसाळ्यात चूल पेटत नाही त्यालाही ‘कॅच’ आहे आणि तिथे ‘फायर’ची गरज नाही: ‘द वूड इज डॅम्प, इट वोन्ट कॅच.’ लाकूड ओलं आहे, पेट घेत नाही.

सापडणे, अडकणे

आपण पावसात सापडतो, इंग्रजही पावसात ‘कॉट’ होतो: ‘वी गॉट कॉट इन द रेन’. या गटात क्रियापद सहसा कर्मणी येतं, ‘गेट कॉट’ किंवा ‘बी कॉट’, आणि मागून बहुधा ‘इन’. घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलो तर ‘कॉट इन ट्रॅफिक’, कासव जाळ्यात अडकलं तर ‘कॉट इन द नेट’. दारात बोट चिमटलं तर ‘आय कॉट माय फिंगर इन द डोअर’, इथे मात्र कर्तरी. खिळ्याला सदरा अडकला तर ‘माय शर्ट कॉट ऑन अ नेल’, आणि इथे ‘इन’ऐवजी ‘ऑन’, कारण वस्तू टोकाला अडकली आहे, आत सापडलेली नाही.

किनाऱ्यावर घर असणाऱ्यांनी यातलं एक वाक्य पाटीवर लिहून ठेवावं: ‘डू नॉट स्विम हिअर. यू कॅन गेट कॉट इन अ रिप करंट.’ ‘रिप करंट’ म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात ओढून नेणारा अरुंद, जोरदार प्रवाह. त्यात सापडलेल्यानं प्रवाहाच्या उलट किनाऱ्याकडे पोहायला गेलं तर दमछाक होते. तरंगत राहून, हात वर करून मदत मागायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यायचं. पाहुण्यांना सांगताना: ‘डोन्ट स्विम अगेन्स्ट इट. फ्लोट, वेव्ह फॉर हेल्प, अँड स्विम अलाँग द शोअर.’

याच गटाच्या कडेला चोर सापडण्याचा ‘कॅच’ आहे. त्याच्या मागून येणारं क्रियापद ‘इंग’चं: ‘वी कॉट हिम स्टीलिंग मँगोज’, कलमावरचे आंबे चोरताना सापडला. ‘कॉट हिम टू स्टील’ हे चूक.

डोळे आणि कान

‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम.’ तुमचं नाव नीट ऐकू आलं नाही. होम-स्टेच्या फोनवर सर्वात जास्त उपयोगी पडणारं वाक्य हेच. ‘व्हॉट?’ किंवा ‘टेल अगेन’पेक्षा यात अदब आहे. हा अर्थ बहुधा नकारातच वापरतात. ‘आय कॅच यू’ म्हणून ‘समजलं’ सांगता येत नाही, तिथे ‘आय अंडरस्टँड’ किंवा ‘गॉट इट’.

डोळ्यांच्या तीन जोड्या आहेत आणि तिन्ही वेगळ्या. नजरेत भरणे: ‘द रेड बोट कॉट माय आय’. वाढणाऱ्याचं लक्ष वेधणे: ‘कॅच द वेटर्स आय’. ओझरतं दिसणे: ‘कॅच साइट ऑफ’ किंवा ‘कॅच अ ग्लिम्प्स ऑफ’. ‘साइट’च्या आधी ‘अ’ नाही, ‘ग्लिम्प्स’च्या आधी आहे, आणि दोन्हींना ‘ऑफ’ सुटत नाही.

डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटवाल्यांनी तिसरी जोडी पाठच करावी. ‘यू माइट कॅच अ ग्लिम्प्स ऑफ डॉल्फिन्स’ म्हणजे नशिबात असेल तर डॉल्फिन दिसतील. मधले शब्द गाळून ‘कॅच डॉल्फिन्स’ असं पाटीवर आलं, तर डॉल्फिन धरायला नेतो असा अर्थ होतो, आणि डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ‘माइट’ही गाळू नका. दिसतीलच असं वचन दिलं आणि दिसले नाहीत, तर पैशांवरून बोलाचाली होते.

मेख, स्थळ आणि खिटी

‘कॅच’ नाम म्हणून आला की अर्थ एकदम दुसरीकडे जातो. भाडं कमी सांगितल्यावर पाहुण्यानं ‘सो व्हॉट्स द कॅच?’ विचारलं, तर तो माशांबद्दल विचारत नाही. यात मेख काय आहे, असं त्याला म्हणायचंय. त्याचा राग मानू नका, सरळ हिशेब सांगा: ‘देअर इज नो कॅच. ब्रेकफास्ट इज इन्क्लूडेड, डिनर इज एक्स्ट्रा.’ जोडी कायम ‘देअर इज अ कॅच’ किंवा ‘द कॅच इज दॅट’ अशी येते.

माणसाबद्दल ‘अ गुड कॅच’ म्हटलं तर चांगलं स्थळ. खिडकीचा ‘कॅच’ म्हणजे खिटी: ‘द कॅच ऑन द विंडो इज ब्रोकन’, अशी तक्रार आली तर सुताराला बोलवायचं. आवाजातला ‘कॅच’ म्हणजे बोलता बोलता गळा दाटून येणं. तो कथा-कवितांत भेटतो, पेपरात विचारला गेला तर ओळखता आला पाहिजे.

क्रिकेटमध्ये आपण ‘कॅच घेतला’, ‘कॅच सुटला’ म्हणतो. इंग्रजीत ‘टुक द कॅच’ आणि ‘ड्रॉप्ड द कॅच’. ‘कॅच आउट’ हे आपल्या मैदानावरचं रूप आहे, लिहिताना ‘ही वॉज कॉट’ किंवा ‘कॉट आउट’.

‘अप’ आणि ‘ऑन’ चिकटल्यावर

‘कॅच अप’ म्हणजे मागे राहून पुढच्याला गाठणं. ‘यू गो अहेड, आय विल कॅच अप विथ यू’: चला तुम्ही, मी येऊन गाठतो. राहिलेलं काम किंवा झोप भरून काढायची तर ‘विथ’ जाऊन ‘ऑन’ येतो: ‘आय नीड टू कॅच अप ऑन स्लीप’. जुन्या मित्रानं ‘लेट्स कॅच अप’ म्हटलं तर भेटून गप्पा मारू. नुसतं ‘कॅच ऑन’ म्हणजे लोकांत रुजणं किंवा हळूहळू लक्षात येणं. सुरुवातीला एवढ्या चार पुरे.

जिथे ‘धरणे’ आहे पण ‘कॅच’ नाही

इथे सर्वाधिक चुका होतात, आणि त्यांचं कारण आपल्या ‘धरणे-पकडणे’च्या पसाऱ्यात आहे. डावी बाजू धरून चाला: ‘कीप लेफ्ट’. हा रस्ता धरा: ‘टेक धिस रोड’. फोन धरा: ‘होल्ड द लाइन’. उपास धरलाय: ‘आय अ‍ॅम फास्टिंग’. मनात राग धरला: ‘होल्ड अ ग्रज’. जेवण धरून भाडं: ‘इन्क्लूडिंग मील्स’. कलमानं फळ धरलं: ‘द ट्री इज बेअरिंग फ्रूट’. खाऱ्या हवेनं कडीला गंज धरला: ‘द लॅच हॅज रस्टेड’. पावसाळ्यात चपलांना बुरशी आली: ‘द सँडल्स हॅव गॉन मोल्डी’. या सगळ्यांत निसटणारं काही नाही, नेमका क्षण नाही, म्हणून ‘कॅच’ही नाही. अपवाद चूक पकडण्याचा: ‘शी कॉट द मिस्टेक’, कारण ती नजरेतून निसटत होती.

शंका आली तर

शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश उघडा आणि व्याख्या सोडून आधी उदाहरणं वाचा. जोड्या तिथे बहुधा ठळक अक्षरांत असतात. दुसरा मार्ग, जोडी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा आणि पहिली दहा वाक्यं वाचा. किती निकाल आले त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. ती वाक्यं कुणी लिहिली आहेत आणि जोडी तुमच्याच अर्थानं आली आहे का, ते पाहा. मोबाइलच्या भाषांतर यंत्राला सुटा शब्द देऊ नका, पूर्ण मराठी वाक्य द्या आणि आलेलं इंग्रजी पुन्हा वरच्या दोन मार्गांनी पारखून घ्या.

वहीची उजळणी करताना उजवं पान झाका आणि मराठीवरून इंग्रजी मोठ्यानं म्हणा. उलट दिशेनं, म्हणजे इंग्रजी वाचून मराठी सांगणं सोपं जातं आणि सगळं येतं असा भास होतो. सुरुवातीला ही आठ वाक्यं घ्या: शेवटची फेरीबोट मिळेल का? येताना पावसात सापडलो. मला बोट लागते. हात धरा, पायरी निसरडी आहे. आज म्हावरं बेताचंच मिळालं. जेवण धरून दोन हजार. नाव नीट ऐकू आलं नाही. चला पुढे, मी गाठतो.

यांतल्या पाचच वाक्यांत ‘कॅच’ येतो. ‘मला बोट लागते’ म्हणजे ‘आय गेट सीसिक’, हात धरायला ‘होल्ड’, आणि जेवण धरायला ‘इन्क्लूडिंग’. म्हावऱ्याचं वाक्य दोन तऱ्हांनी होतं: ‘वी डिडन्ट कॅच मच टुडे’ किंवा ‘द कॅच वॉज पुअर टुडे’. दोन्ही लिहा, कारण एकात क्रियापद आहे आणि दुसऱ्यात नाम.

आठही न अडता आली की वहीचं पुढचं जोडपान ‘मिस’ला द्या. बस चुकणे, नेम चुकणे, शाळा बुडणे आणि मुंबईला गेलेल्या लेकाची आठवण येणे, या चारींना तो एकच शब्द आहे, आणि मराठीच्या बाजूला लिहायची चार वाक्यं तुमच्याकडे तयारच आहेत.